करमत नाही, सर

गेल्या वर्षभरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या ‘मानसिक आरोग्या’वर भरलेल्या दोन कार्यशाळांना मी जाऊन बसलो, एका साताऱ्याच्या आणि दुसऱ्या सांगलीच्या. मी वैद्य नाही, मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. पुस्तके वाचावीत आणि त्यांच्याविषयी बरेवाईट लिहावे, एवढाच माझा उद्योग. तेव्हा या अंकासाठी कार्यशाळांचे परीक्षण लिहितो, असे संपादकांना कळवले तेव्हा त्यांना ती थट्टा वाटली. वस्तुतः तीत थट्टेसारखे काही नाही. नाटकाचे परीक्षण होते, गाण्याच्या बैठकीचे होते, मग दोन-अडीचशे श्रोते हजेरीपटावर सही घेऊन ज्या प्रयोगाला बसवले जातात त्याचेच का होऊ नये? शिवाय या प्रयोगाचे सारे साहित्य भाषा हेच आहे. वक्त्याजवळ ना औषध असते, ना उपकरण. तो बोलतो आणि मुले ऐकतात. भाषेच्या बऱ्यावाईटाचा विचार हा तर टीकाकाराचाच प्रांत.

साताऱ्याचा प्रयोग नेहमीच्या वळणाचा होता. फलक झळकत होता, समई होती, दीपप्रज्वलनाला काडेपेटी ऐनवेळी सापडत नव्हती. पाहुण्यांचा परिचय सतरा मिनिटे चालला. (घड्याळ पाहण्याची वाईट सवय मला आहे.) मग वक्ते उभे राहिले. माणूस सुस्वभावी, अभ्यासू, आवाज कमावलेला. पडद्यावर अक्षरे उमटू लागली : ताणतणावांचे व्यवस्थापन, सकारात्मक दृष्टिकोन, भावनिक बुद्धिमत्ता, स्व-जाणीव. त्यांखाली क्रियापदे होती : स्वीकारा, टाळा, बोला, मोकळे व्हा, सोडून द्या, स्वतःवर प्रेम करा. शेवटी सर्वांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, टाळ्या झाल्या, वक्त्यांना शाल, श्रीफळ आणि कंदी पेढ्यांचा पुडा मिळाला. एकही वाक्य चुकीचे नव्हते. तरीही माझ्या शेजारी बसलेला मुलगा दोन तास वहीच्या मागच्या पानावर चौकटी काढीत होता, आणि त्याला दोष द्यावा असे मला वाटले नाही.

का, ते सांगायचे तर थोडे व्याकरणात शिरावे लागेल. दिवाळीच्या फराळाबरोबर व्याकरण वाढतो आहे, वाचकांनी क्षमा करावी. पण गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

मराठी माणूस मनाचे दुःख सांगू लागला की बहुधा कर्ता राहत नाही. तो म्हणतो, ‘मला करमत नाही’, ‘मला झोप येत नाही’, ‘मला कशातच गोडी वाटत नाही’, ‘मला भ्या वाटतं’. हे ‘मला’ फार महत्त्वाचे आहे. यात तो काही करीत नाही. त्याला काहीतरी होते, येते, वाटते, लागते. घोर लागतो, हुरहूर लागते. आणि अन्न गोड लागत नाही, तेही त्यालाच. दुःख हे बाहेरून चालून येते आणि माणूस ते झेलतो, अशी आपल्या भाषेची समजूत आहे. खटाव-माणच्या म्हाताऱ्यांपासून मिरजेच्या मुलींपर्यंत सारे याच वळणाने बोलतात. आणि कार्यशाळेची भाषा? ती आज्ञार्थी. ‘मला करमत नाही’ म्हणणाऱ्याला ती सांगते, ‘तू करमवून घे’. ज्याचे कर्तेपणच त्या दुखण्याने हिरावून घेतले आहे, त्याच्यापुढे ती कर्त्याला चालणाऱ्या क्रियापदांची रास ओतते. मुलगा मनात म्हणतो, एवढे जमले असते तर इथे कशाला बसलो असतो! आणि चौकटी काढू लागतो.

कोणी म्हणेल, मनाला आज्ञा करण्याची परंपरा तर याच सातारच्या मातीत आहे. सज्जनगड हाकेच्या अंतरावर; मनाचे 205 श्लोक रामदासांनी रचले, आणि ओळीओळीला मनाला हाक मारून ‘हे कर, ते करू नको’ असे सांगितले. खरे आहे. परंतु तिथे हाक मारणारा आणि हाक ऐकणारा एकच आहे. श्लोक म्हणणारी आजी दुसऱ्याच्या मनाला उपदेश करीत नाही. पहाटे दळताना, दिवेलागणीला, ती स्वतःच्याच मनाशी बोलते. त्या ‘मना’ने संबोधिले जाणारे मन तिचे असते, म्हणून त्यातला आज्ञार्थ बोचत नाही. तोच आज्ञार्थ ध्वनिक्षेपकावरून अडीचशे परक्या मनांना उद्देशून केला की त्याचा शाळेतला सुविचार होतो. कार्यशाळांनी समर्थांचा आज्ञार्थ घेतला, पण त्यातले एकांत संभाषण घेतले नाही.

हे मी वक्त्यांना हिणवण्यासाठी लिहीत नाही. हा अपराध मी स्वतः केला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी काही काळ शिकवीत होतो. माण तालुक्यातला एक मुलगा, खोली करून राहिलेला, घरून आठवड्याला एस.टी.ने डबा येणारा, एका दुपारी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “करमत नाही, सर.” मी त्याला आत बोलावले, बसवले आणि पंधरा-वीस मिनिटे बोललो. घरच्यांचे कष्ट, पहिले वर्ष अवघडच असते, मन खंबीर करावे, ग्रंथालयात बसावे. आजही मला माझी ती वाक्ये बिनचूक वाटतात. तो “हो सर” म्हणाला. दोन आठवड्यांनी त्याचा बाक रिकामा झाला. तो गावी गेला, की मुंबईला माथाडीत लागला, की आणखी काही झाले, मला कळले नाही. मी चौकशीही उशिरा केली. आज त्या प्रसंगातले मला एवढेच आठवते, की त्या पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या वाट्याला तीन शब्द आले होते, आणि त्यांतलाही एक ‘सर’ होता.

आपल्या साहित्याला हा मुलगा अनोळखी नाही. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, मित्र जमवतो, पैसे उधळतो, वडिलांच्या धाकाखाली कुढतो, नापास होतो, आणि अखेर गावी परततो. त्याची धाकटी बहीण मनी देवीने जाते, त्या भागातली पाने वाचताना आजही हात थांबतो. त्या कादंबरीवर वर्षानुवर्षे वाद झाले. मला येथे तिच्यातले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोनच शब्द हवे आहेत. पुष्कळांनी ती लकब म्हणून हसण्यावारी नेली, पुढे पोरांनी तिची नक्कल केली. मला वाटते, तो आडोसा आहे. जे नेमके सांगता येत नाही, किंवा सांगितले तर आपलेच हसे होईल असे वाटते, ते पांडुरंग ‘वगैरे’च्या मागे ठेवून देतो. आजचा मुलगा ‘टेन्शन’च्या मागे ठेवतो. ‘जरा टेन्शन आहे’ या तीन शब्दांत फी थकलेली असते, प्रेम फिसकटलेले असते, स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न हुकलेला असतो, 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने ओले केलेले घर असते, आणि कधी कधी जगणेच नकोसे झालेले असते. बाहेरून सगळ्यांचा उच्चार सारखा. ‘वगैरे’त काय काय आहे हे कळायला शेकडो पाने पांडुरंगाजवळ बसावे लागते. कार्यशाळेला तेवढी सवड नाही हे मान्य. पण निदान ‘टेन्शन’ हा शब्द ऐकताच ‘चला, ताणाचे व्यवस्थापन पाहू’ म्हणून तिने पुढचे चित्र लावू नये.

‘कासव’ (2016) हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट पाहिलेल्यांना मी काय म्हणतो ते चटकन पटेल. जीव द्यायला निघालेला एक तरुण जानकी नावाच्या बाईला वाटेत भेटतो; ती त्याला कोकणातल्या घरी नेते. ती स्वतःही अशाच अंधारातून आलेली. ती त्याला नाव विचारीत नाही, उपदेश करीत नाही. जेवण असते, खोली असते, समुद्र असतो, आणि त्याने चिडचिड केली तरी दार बंद होत नाही. त्या वर्षी हा चित्रपट देशातला सर्वोत्कृष्ट ठरला. काही ठिकाणी तो थोडा अधिकच सुबक वाटतो, सगळीच माणसे इतकी समंजस नसतात. तरी मूळ सूर अचूक आहे. आणि कोकणातच का, आमच्या सांगलीच्या रंगभूमीनेही हे फार पूर्वी ओळखले होते. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीतास्वयंवर’ केले, त्याच सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 1899 च्या ‘शारदे’त म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीच्या तोंडी तात्पर्य घातले नाही, तिचे भय घातले, तिच्या घरच्या बोलीत. प्रेक्षागृहातल्या बापांना जे कळायचे ते त्यातून कळले.

मग कार्यशाळा नकोतच का? असे मी म्हणणार नाही. आकडे पाहिले की टवाळीची हौस उरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांतले 1,764 आपल्या महाराष्ट्रातले होते. सर्व राज्यांत अधिक. रोज चारांहून अधिक घरे. मनाच्या दुखण्याबद्दल उघड बोलायची लाज कमी करण्याचे काम या कार्यशाळांनी केले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे; माझ्या विद्यार्थिदशेत ‘वेड्यांचा डॉक्टर’ एवढाच शब्द होता. जुने ते सोने म्हणण्यातही अर्थ नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सर्व जातींची मुले एकत्र रांधत, एकत्र जेवत, ‘कमवा आणि शिका’ म्हणत खडी फोडत. मुलाचे तोंड उतरले तर पंगतीतल्या शेजाऱ्याला ते दिसे, ही त्या व्यवस्थेची मोठी ताकद. पण त्या पंगतीतून रात्री उठून जो निघून गेला असेल त्याची गोष्ट कोणत्याही गौरवग्रंथात नसते.

माझा आक्षेप निराळा आहे. श्रोते चुकीचे निवडले जातात. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. ज्या प्रश्नांचा घरात उच्चार होत नसे त्यांना तिथे जागा होती, आणि वाचक लिहून विचारत आणि कर्वे सडेतोड उत्तर देत. आधी प्रश्न, मग उत्तर. कार्यशाळेत उत्तर आधी येते आणि प्रश्न विचारायला शेवटची पाच मिनिटे, तीही आभारप्रदर्शनात जातात. मुलाचा खरा प्रश्न सभागृहात निघतच नाही. तो निघतो फीच्या खिडकीशी, वसतिगृहाच्या रेक्टरपुढे, प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या खोलीच्या दारात. तेव्हा कार्यशाळा हवी ती खिडकीमागच्या कारकुनाला, रेक्टरला आणि माझ्यासारख्या बोलघेवड्या मास्तराला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शिक्षणसंस्थांना जे निर्देश दिले, त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे एक शिकलेला समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा हे आहेच. पण शिक्षक आणि इतर सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे असेही आहे. मला त्यातले दुसरे कलम जास्त मोलाचे वाटते. पहिल्याची पूर्तता कागदावर होऊ शकते. रात्री-अपरात्रीसाठी ऑक्टोबर 2022 पासून सरकारचा ‘टेलि-मानस’ आहे. 14416 हा क्रमांक फुकट लागतो आणि तिकडे मराठीत बोलता येते. साताऱ्याच्या कार्यशाळेत हा क्रमांक शेवटच्या चित्रावर बारीक अक्षरांत होता आणि तेवढ्यात वीज गेली.

सांगलीची गोष्ट सांगायची राहिली. तिथल्या वक्त्या मध्यमवयीन होत्या, मिरजेकडच्या असाव्यात. समई तिथेही होती, परिचय तिथेही लांबला. पण त्या पाऊण तासातच थांबल्या. कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाल्या, “नाव घालू नका. जे घरी बोलता येत नाही ते लिहा. शब्द सुचला नाही तर रेघ ओढा.” गोळा झालेल्या चिठ्ठ्यांतली एकही त्यांनी मोठ्याने वाचली नाही. मला ते फार आवडले. वाचल्या असत्या तर टाळ्या मिळाल्या असत्या. बऱ्याच वेळ त्या खाली मान घालून वाचत राहिल्या आणि सभागृह गप्प होते. मग म्हणाल्या, “मी बाहेर पायरीवर बसते. मला घाई नाही.”

प्राचार्यांच्या खोलीत भडंग आणि चहा वाट पाहत होता, एकदा निरोपही येऊन गेला. त्या पायरीवरच बसल्या. पहिली दहा मिनिटे कोणी आले नाही. मुले घोळक्याने सायकली, गाड्या काढत होती. मग एक मुलगी येऊन जरा अंतरावर बसली. तिच्यामागे एक उंच मुलगा नुसताच खांबाला टेकून उभा राहिला. मी निघालो तेव्हा चौघेजण झाले होते. शिपायाला सभागृहाला कुलूप घालायचे होते. तो किल्ल्या वाजवीत दोन फेऱ्या मारून गेला, एकदा बाईंकडे पाहिले, खांबाजवळच्या मुलाकडे पाहिले, आणि व्हरांड्यातला दिवा लावून दाराशी स्टूल टाकून बसला.