प्रीतीचे दान आणि वाटणीचा हक्क

दान प्रेमापोटी द्यावे की कर्तव्य म्हणून द्यावे, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचारात फार जुना असून त्या परंपरेने आपला कौल निःसंदिग्धपणे प्रेमाच्या बाजूने दिलेला आहे. बौद्ध वाचकांना हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात महाराष्ट्रात दानाच्या ज्या दोन मोठ्या चळवळी उभ्या राहिल्या, त्या दोहोंनी हीच भूमिका घेतली. आणि योगायोग असा की त्या दोहोंचे प्रवर्तक आजच्या रायगड जिल्ह्यातील शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत जन्मले. विनोबा भावे १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे येथे, आणि पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोहा येथे. या भूमिकेची पारख पालि वाङ्मयाच्या आधारे करावी, असा येथे आमचा प्रयत्न आहे.

प्रथम ख्रिस्ती बाजू तिच्या उत्तम स्वरूपात पाहिली पाहिजे. प्रतिपक्षाचा दुबळा पाठ घेऊन त्याचे खंडन करणे हे विद्येला शोभत नाही. यरुशलेममधील गरिबांसाठी निधी जमवताना पौलाने करिंथकरांना जे दुसरे पत्र लिहिले, त्याचे आठवे व नववे अध्याय या विषयाचे मूलस्थान होत. तेथे पौल आज्ञा करीत नाही. प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे तेवढे द्यावे, खंतावून किंवा सक्तीने देऊ नये, असे तो सांगतो. पहिल्या पत्रात तर सर्वस्व वाटून टाकले तरी प्रीती नसेल तर ते व्यर्थ, असा त्याचा निर्वाळा आहे. यामागील तर्क असा की देवाने माणसावर आधीच प्रीती केलेली आहे. माणसाचे दान हे पुण्य मिळविण्याचे साधन नसून आधीच मिळालेल्या प्रीतीचे ओसंडणे आहे. १५२० साली लूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर जो निबंध लिहिला, त्यात सत्कर्मांविषयी त्याने हीच मांडणी केली.

या विचाराचे मोल आपण कमी लेखू नये. ज्या देशात दानाचे फळ घेणाऱ्याच्या वर्णावर मोजले जात होते, आणि ब्राह्मणाला दिलेले दान श्रेष्ठ ठरविणारी शास्त्रे प्रमाण मानली जात होती, तेथे कुष्ठरोग्याची जखम धुणारा हात हीच एक क्रांती होती. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ मुलींना केडगावी आणले, तेव्हा कोणत्याही धर्मशास्त्राने त्यांना तसे करण्यास बांधलेले नव्हते.

तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकर या प्रीतीवर समाधानी नव्हते. ख्रिस्ती धर्मांतरासंबंधीचे त्यांचे दोन निबंध शासनाने १९८९ साली प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आहेत. मिशनऱ्यांच्या शाळा व रुग्णालये यांची थोरवी ते मोकळेपणाने मान्य करतात. परंतु त्यांचा लाभ बहुतांशी उच्चवर्णीयांनीच उचलला, आणि धर्मांतरित अस्पृश्यांच्या नागरी हक्कांसाठी मिशनऱ्यांनी झुंज दिली नाही, हा त्यांचा आक्षेप आहे. हा आक्षेप प्रीतीच्या खरेपणावर नाही. खऱ्या प्रीतीने दिलेल्या भाकरीनेही घेणाऱ्याचे समाजातील स्थान बदलत नाही, असे त्याचे तात्पर्य आहे.

आता विनोबांकडे वळू. त्यांच्या भूदानाचा ख्रिस्ती विचाराशी संबंध ओढूनताणून जोडण्याची गरज नाही. ख्रिस्ती ग्रंथांचे परिशीलन करून त्यांनी 'ख्रिस्तधर्म-सार' हे संकलन सिद्ध केले, त्याचप्रमाणे धम्मपदाच्या गाथांचा क्रम बदलून 'धम्मपदं नवसंहिता'ही रचली. (निकायांच्या अभ्यासकाला ही फेररचना खटकते, पण तो विषय वेगळा.) १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या चाळीस भूमिहीन कुटुंबांनी त्यांच्यापाशी ऐंशी एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. भूदानाचा इतिहास येथून सुरू होतो. या प्रसंगात एक गोष्ट आमच्या मनाला सदैव टोचते. दात्याचे नाव प्रत्येक पुस्तकात आहे. मागणाऱ्या चाळीस कुटुंबांची केवळ संख्या आहे. वस्तुतः मागणी आधी झाली. तेलंगणात त्या वेळी सशस्त्र शेतकरी लढा पेटलेला होता. त्या मागणीला वजन होते ते त्यामुळेही. तरी स्मरणात राहिली ती देणाऱ्याची उदारता.

विनोबांना ही अडचण कळत होती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पाच मुलगे असतील तर मला सहावा माना आणि माझा वाटा द्या, अशा आशयाची त्यांची मागणी असे. शंकराचार्यांच्या आधाराने दान म्हणजे संविभाग, म्हणजे नीट वाटणी, असा अर्थ ते लावीत. परंतु वाटा कबूल करणे सर्वस्वी जमीनदाराच्या अंतःकरणावर सोपविलेले होते. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर मिळविण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात चाळीस लाखांहून थोडी अधिक नोंदली गेली, तिच्यातली पुष्कळशी नापीक वा तंट्यातली निघाली, आणि मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. सहाव्या मुलाला बाप वाटा देईना, तर तो दावा लावू शकतो. भूदानातल्या सहाव्या मुलाला कोणते न्यायालय होते?

आठवले यांचा आधार गीता व भक्ती हा होता. ख्रिस्ती जगाशी त्यांचा प्रसिद्ध संबंध म्हणजे १९९७ साली त्यांना मिळालेला टेंपल्टन पुरस्कार, जो १९७३ साली प्रथम मदर तेरेसांना दिला गेला होता. तथापि त्यांच्या प्रयोगांची घडण पाहावी. 'योगेश्वर कृषी'त गावकरी आळीपाळीने राबतात, पीक देवाचे मानले जाते, आणि गरजवंताला त्यातून मिळते ते प्रसाद म्हणून. दात्याचा अहंकार येथे युक्तीने नाहीसा केला आहे, आणि ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या काही विहारांच्या फरशांवर देणगीदारांची नावे ज्या ठळक अक्षरांत कोरलेली दिसतात, त्यांनी यावरून काही शिकण्यासारखे आहे. पण प्रसादाची मागणी कोणी हक्काने करीत नाही, आणि वाट्याला कमी आला म्हणून तक्रारही करीत नाही. दाता अदृश्य झाला म्हणून घेणारा समान झाला, असे होत नाही.

पालि ग्रंथ याविषयी काय सांगतात? सर्वप्रथम हे की दात्याच्या मनाचा प्रश्न त्यांनी टाळलेला नाही. अंगुत्तर निकायाच्या सप्तक निपातात चंपा येथे सारिपुत्तांच्या प्रश्नावरून तथागतांनी दानामागील हेतूंची चढती श्रेणी सांगितली आहे. फळाच्या आशेने देणारा सर्वांत खाली. वाडवडील देत आले म्हणून देणारा, मी शिजवतो आणि हे शिजवत नाहीत तर न देणे बरे नव्हे असे म्हणून देणारा, त्याच्या वर. मन प्रसन्न होते म्हणून देणारा आणखी वर, आणि चित्ताचा अलंकार म्हणून देणारा सर्वांत वर. कर्तव्याच्या दानापेक्षा प्रसन्न मनाचे दान वरचे, इथवर पौलाचा आणि तथागतांचा मार्ग जवळजवळ एकच आहे.

पुढे मात्र वाट वेगळी होते. मराठी बायबलाने पौलाच्या शब्दासाठी 'प्रीती' हा शब्द योजला. त्याच धातूपासून पालित दोन शब्द येतात, 'पीति' आणि 'पेम'. पीति म्हणजे चित्ताचा उल्हास. पेम म्हणजे जिव्हाळा, आणि धम्मपदाच्या पियवग्गात शोक व भय यांचा उगम त्यात सांगितला आहे. त्याहून बोलके स्थान अष्टक निपातातले आहे: छंदाने, म्हणजे आपल्या आवडीच्या ओढीने, दिलेले दान तेथे द्वेषाने, मोहाने व भयाने दिलेल्या दानाच्या पंक्तीत बसविले आहे. ख्रिस्ती पंडित म्हणतील की त्यांची प्रीती अशी आवडनिवड करीत नाही, आणि सिद्धांत म्हणून ते खरे आहे. पण देणाऱ्याच्या मनाखेरीज दुसरा कसच ठेवला नाही, तर आवड कोठे संपली आणि मैत्री कोठे सुरू झाली, हे ठरवावयाचे कोणी?

हा दुसरा कस पालि वाङ्मयात आहे. चागसंपन्न गृहस्थाच्या नेहमीच्या वर्णनात दोन शब्द येतात: 'याचयोग' आणि 'दानसंविभागरत'. पहिल्याचा अर्थ, ज्याच्यापाशी मागता येते असा. उदारतेच्या व्याख्येतच मागणारा उभा आहे! दुसऱ्यात दानाला संविभाग जोडलेला आहे, म्हणजे विनोबांनी शंकराचार्यांकडून घेतलेला शब्द त्यांच्या कित्येक शतके आधीपासून निकायांत नांदत होता. आणि दीघ निकायात हा विचार राज्यापर्यंत जातो. कूटदंत सुत्तातला पुरोहित राजाला सांगतो की शेतकऱ्यांना बियाणे व चारा द्यावा, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे, सेवकांना वेतन द्यावे. येथे राजाच्या प्रेमाची चौकशी कोणी केलेली नाही. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा संरक्षण देतो पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र व हत्या अशी साखळी सुरू होते. पुढे तो राजा पकडलेल्या चोराला कळवळून धन देतो, आणि ते ऐकून लोक अधिकच चोऱ्या करू लागतात. व्यवस्था नसलेल्या उदारतेवर याहून कठोर भाष्य आमच्या पाहण्यात नाही.

न्यायासाठी हेही नोंदवतो की पौलाच्या त्याच पत्रात एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी आणि समानता व्हावी, असा विचार आहे; मूळ ग्रीकात समानतेचाच शब्द, 'इसोतेस', दोनदा आला आहे. संतोषाने देणारा दाता प्रवचनांत अजरामर झाला; इसोतेसच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच आले.

पेण आणि रोहा या दोहोंना लागून असलेल्या अलिबाग तालुक्यात, चरी येथे, १९३३ साली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो संप सुमारे सहा वर्षे चालला. बाबासाहेब १९३४ मध्ये चरीला गेले, सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. त्यामुळे जी जमीन कुळाच्या नावावर लागली, तिच्यासाठी त्याला कोणाचे उपकार स्मरावे लागले नाहीत. खोताच्या अंतःकरणात प्रेम उपजेपर्यंत थांबा, असे चरीच्या बायकामुलांना सांगण्याची कल्पना करून पाहावी.

मग बाबासाहेबांनी दानाला स्थानच ठेवले नाही काय? ठेवले, आणि कसे ठेवले ते पाहण्याजोगे आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येक बौद्धाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. पौल आकडा सांगत नाही, मनावर सोडतो. बाबासाहेब आकडा सांगतात. समोर बसलेले लोक गावकुसाबाहेरून पायी, एसटीने, रेल्वेने आलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या ते घेणारे म्हणूनच ओळखले गेले होते. त्यांना देणाऱ्यांच्या ओळीत उभे केले गेले, आणि तेही वाटा ठरवून.