‘सहयोग’ या क्रियेचा कर्ता कोण? : अमेरिकन शालेय ग्रंथपालांच्या परिभाषेचा एक विचार

१

शाळेच्या ग्रंथपालाने पुस्तकांची देवघेव सांभाळून स्वस्थ बसू नये, शिक्षकांच्या बरोबरीने पाठांची आखणी करावी आणि वर्गात येणाऱ्या नव्या यंत्रसाधनांचा उपयोग कसा करावा हे त्यांना दाखवावे, हा विचार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दीर्घकाळ मांडला जात आहे. १९५१ साली अमेरिकन ग्रंथालय संघाचा स्वतंत्र विभाग म्हणून शालेय ग्रंथपालांची संघटना अस्तित्वात आली. तिने वेळोवेळी प्रसिद्ध केलेली मानके, तिची अधिवेशने व नियतकालिके आणि त्या भोवतीचे व्यावसायिक लेखन यांतून या विचाराची एक निश्चित परिभाषा तयार झाली. या वाङ्मयाचा परामर्श आजवर मुख्यतः ग्रंथालयशास्त्राच्या व शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी घेतला आहे. प्रस्तुत लेखात त्याकडे भाषाभ्यासाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे.

आमचा प्रश्न साधा आहे. ग्रंथपाल आणि शिक्षक एकत्र काम करतात असे जेव्हा हे वाङ्मय म्हणते, तेव्हा त्या वाक्यात कर्तृत्व कोणाकडे जाते? हा प्रश्न केवळ व्याकरणाचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील शासकीय आकडेवारीवरून पाहता २००९-१० ते २०१८-१९ या दशकात शालेय ग्रंथपालांची पदे सुमारे एक पंचमांशाने घटली. ज्या व्यवसायाला आपले स्थान सतत सिद्ध करावे लागते, त्याने स्वतःवर कोणते दायित्व कोणत्या शब्दांत ओढवून घेतले, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

२

प्रथम नामाभिधानाचा विचार करू. १९६० च्या मानकांत ‘ग्रंथपाल’ हीच संज्ञा आहे. १९६९ साली शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने राष्ट्रीय शिक्षण संघाच्या दृक्‌श्राव्य विभागासह संयुक्त मानके प्रसिद्ध केली. त्यांत ग्रंथालय हे ‘माध्यम केंद्र’ झाले आणि ग्रंथपाल ‘माध्यमतज्ज्ञ’ झाला. हा बदल एकाएकी घडला नाही. स्पुटनिकच्या उड्डाणानंतर १९५८ साली संमत झालेल्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियमाने विज्ञान, गणित व परकीय भाषा यांच्या अध्यापनसाधनांसाठी केंद्रीय निधी उपलब्ध केला. १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण अधिनियमाच्या दुसऱ्या प्रकरणाने शालेय ग्रंथालयांच्या सामग्रीसाठी पहिल्या वर्षी दहा कोटी डॉलरची तरतूद केली. चित्रफिती, ध्वनिमुद्रिका आणि प्रक्षेपक यांनी ग्रंथालयाच्या खोल्या भरल्या. साधन आले, साधनापाठोपाठ नाव आले.

पुढे १९८१ च्या कायद्याने हा स्वतंत्र निधी एका सामाईक अनुदानात विलीन झाला आणि ग्रंथालयाला इतर मागण्यांशी स्पर्धा करावी लागली. कालांतराने चित्रफितीही कालबाह्य झाल्या. तथापि नाव टिकले. १९८८ आणि १९९८ च्या ‘इन्फर्मेशन पॉवर’ या दोन्ही ग्रंथांत, किंबहुना २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही, ‘माध्यम’ हा शब्द पदनामाला चिकटून होता. अखेर २०१० साली संघटनेने ‘शालेय ग्रंथपाल’ हेच अधिकृत पदनाम म्हणून स्वीकारले. यंत्रावरून घेतलेले नाव यंत्राबरोबर जुने होते आणि मग त्या नावाचे समर्थन करण्यात व्यवसायाची शक्ती खर्च होते, हा या चाळीस वर्षांच्या प्रवासाचा धडा होय. आज संगणकीय साधनांवरून नवी पदनामे बनवू पाहणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

३

नामापेक्षा क्रियापदाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. काही क्रियापदे स्वभावतः परस्परार्थी असतात. ‘राम आणि गोविंद भांडले’ या वाक्यात भांडणाचे कर्तृत्व दोघांत सारखे वाटलेले आहे. ‘राम गोविंदाशी भांडला’ असे म्हटले की घटना तीच राहते, परंतु आरंभाचा दोष रामाकडे सरकतो; गोविंद कदाचित गप्पही बसला असेल. ‘राम भिंतीशी भांडला’ हे वाक्य विनोदी असले तरी व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ‘राम आणि भिंत भांडले’ असे मात्र कोणी म्हणणार नाही. इंग्रजीतील अशा समरूपी विधेयांची चर्चा लेकॉफ व पीटर्स यांनी १९६० नंतरच्या दशकात केली, आणि संयुक्त कर्ता व सहार्थी पद यांच्या अर्थांत भेद पडू शकतो. मराठीत ‘-शी’ हा प्रत्यय आणि ‘बरोबर’ हे शब्दयोगी अव्यय हेच कार्य करतात.

आता शालेय ग्रंथपालांच्या मानकांकडे पाहावे. १९८८ च्या ग्रंथाने ग्रंथपालाला माहितीतज्ज्ञ, शिक्षक आणि अध्यापन-सल्लागार अशा तीन भूमिका दिल्या. १९९८ मध्ये ‘सल्लागार’ जाऊन ‘अध्यापनातील भागीदार’ आला आणि कार्यक्रम-प्रशासकाची चौथी भूमिका जोडली गेली. २००९ मध्ये ‘नेता’ ही पाचवी भूमिका आली. सल्लागार हा मागितला तर सल्ला देतो. भागीदाराला मात्र दुसरा भागीदार लागतो. शब्दाची ही गरज लक्षात घेता ‘भागीदार’ ही संज्ञा येताच दुसऱ्या भागीदाराच्या कर्तव्यांचे प्रकरणही त्याच विस्ताराने यावयास हवे होते. ते आले नाही.

२०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय मानके या बाबतीत विशेष बोलकी आहेत. त्यांत सहा समान अधिष्ठाने सांगितली आहेत आणि ‘सहयोग करा’ हे त्यांपैकी एक आहे. या मानकांची मांडणी तीन आराखड्यांत केली आहे : विद्यार्थ्यासाठी, ग्रंथपालासाठी आणि ग्रंथालयासाठी. शिक्षकासाठी आराखडा नाही. शिक्षकांना व प्रशासकांना उद्देशून परिचयपत्रके निघाली हे खरे. पण परिचयपत्रक म्हणजे मानक नव्हे. म्हणजे ‘सहयोग’ या परस्परार्थी क्रियेचा एक कर्ता ग्रंथात उपस्थित आहे आणि दुसरा केवळ सहार्थी पदात, ‘शिक्षकांबरोबर’ या रूपात वावरतो.

यावर असा आक्षेप येईल की, एखाद्या व्यवसायाची संघटना आपल्याच सभासदांना आज्ञा करू शकते; शिक्षकांना आज्ञा करण्याचा तिला अधिकार कोठे आहे? आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. ज्या क्रियेचा अर्धा भाग आपल्या अधिकाराबाहेर आहे, ती क्रिया संपूर्ण कर्तव्य म्हणून आपल्या सभासदावर लादणे योग्य ठरत नाही. तसे केले म्हणजे सहयोग न घडण्याचे अपश्रेय एकट्या ग्रंथपालाच्या पदरी पडते.

४

या क्रियेच्या पायऱ्या ठरविण्याचे प्रयत्न अभ्यासकांनी केले आहेत. त्यांपैकी दोहोंचा येथे विचार करू.

डेव्हिड लोर्चर यांनी १९८२ साली प्रथम मांडलेल्या सोपानपरंपरेत अकरा पायऱ्या आहेत. पहिली पायरी सर्वस्वी अलिप्ततेची, शेवटची अभ्यासक्रम-निर्मितीतील सहभागाची. मध्यंतरी घाईघाईने केलेली आखणी, योजनापूर्वक सामग्री-संकलन अशा वास्तवाला धरून असलेल्या पायऱ्या आहेत. लोर्चर यांचा विशेष हा की, १९८८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी शिक्षकासाठी आणि विद्यार्थ्यासाठीही स्वतंत्र सोपान दिले. दुसऱ्या कर्त्याला त्यांनी विसरू दिले नाही, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु ग्रंथपालाच्या सोपानातील सातव्या पायरीला त्यांनी योजलेला शब्द ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या कार्यावरून घेतलेला आहे. धर्मप्रचारक श्रद्धाहीनांकडे जातो. सहकारी सहकाऱ्याकडे जातो. दोहोंची मनोभूमिका एक असू शकत नाही. ज्याला उपदेश करावयाचा तो समान कर्ता कसा होणार?

पॅट्रिशिया मॉन्टिएल-ओव्हरॉल यांची २००५ ची मांडणी संकल्पनेच्या दृष्टीने अधिक काटेकोर आहे. समन्वय, सहकार्य, एकात्म अध्यापन आणि एकात्म अभ्यासक्रम असे चार नमुने त्यांनी वेगळे केले. समन्वयात फक्त वेळा व वस्तू यांची जुळणी असते. सहकार्यात कामाची वाटणी होते. एकात्म अध्यापनात दोघे मिळून विचार, आखणी, अध्यापन आणि मूल्यमापन करतात. एकात्म अभ्यासक्रमात हीच रीत मुख्याध्यापकाच्या पाठबळाने साऱ्या शाळेत चालते. या मांडणीचा मोठा गुण असा की, चौथ्या नमुन्यात तिसरा कर्ता, म्हणजे शाळेचे प्रशासन, प्रकट होतो. व्यवहारात जे सैलपणे ‘सहयोग’ म्हणून सांगितले जाते त्यातील बराचसा भाग पहिल्या दोन नमुन्यांतच मोडेल, हे या वर्गीकरणामुळे दिसू लागते. आमच्या मते या क्षेत्रातील अर्थभेदाचे हे सर्वांत उपयुक्त काम होय.

५

प्रशासन हा कर्ता किती महत्त्वाचा आहे हे वेळापत्रकावरून कळते. अमेरिकेतील अनेक प्राथमिक शाळांत प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक ठराविक तास ग्रंथालयाचा असतो. वर्ग ग्रंथालयात गेला की वर्गशिक्षकाला तेवढा वेळ आखणीसाठी मोकळा मिळतो. बहुतेकदा तो वेळ त्याच्या सेवाशर्तींचा भाग असतो आणि त्याला तो हवाच असतो. परिणाम असा की, मुले ग्रंथालयात असतात तेव्हा शिक्षक तेथे नसतो, आणि शिक्षक मोकळा असतो तेव्हा ग्रंथपाल त्याच्याच मुलांना शिकवीत असतो. ज्या दोघांनी एकत्र बसावे असे मानक सांगते, त्यांची एकत्र न येण्याची व्यवस्था वेळापत्रकाने केलेली असते.

संघटनेने हे ओळखले नाही असे नाही. १९९१ साली तिने लवचीक वेळापत्रकाचा पुरस्कार करणारे निवेदन केले. परंतु वेळापत्रक ठरविण्याचा अधिकार ग्रंथपालाकडे नसतो. अशा शाळेत ‘ग्रंथपालाने पुढाकार घ्यावा’ हे वाक्य ऐकावयास उत्साहवर्धक असले, तरी वस्तुतः ते अनुपस्थित कर्त्याचे काम उपस्थित कर्त्याच्या माथी मारते.

६

आता विचारविनिमयाकडे वळू. १९८० साली केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे या संघटनेचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले. तेव्हापासून अधिवेशनांत आणि नियतकालिकांत यशस्वी प्रयोगांची निवेदने सादर करण्याची प्रथा दृढ झाली आहे. एकाकी काम करणाऱ्या माणसाला याचे मोल फार आहे. शाळेत गणिताचे शिक्षक अनेक असतात. ग्रंथपाल बहुधा एकच असतो. त्याला समव्यवसायी भेटतो तो शाळेबाहेरच. या देवघेवीची थट्टा करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल.

तरीही या निवेदनांच्या घडणीत एक उणीव आहे. त्यांत सहसा साधनाचे नाव, इयत्ता, विषय, कृतीचा क्रम आणि मुलांचा आनंद एवढ्या गोष्टी येतात. वाक्ये आज्ञार्थी असतात : हे घ्या, असे जोडा, मुलांना असे करावयास सांगा. पाककृतीची भाषा अशीच असते, आणि पाककृतीत कर्त्याचा उल्लेख लागत नाही, कारण तो एकटाच असतो. सहयोगाचे निवेदन मात्र या साच्यात बसत नाही. प्रयोग कोणाला सुचला, दोघांनी मिळून किती तास दिले, ते तास कोणाच्या वेळेतून आले, मूल्यमापन कोणी केले, हे सारे गळून पडते.

यंत्रसाधनांच्या बाबतीत ही गळती अधिक हानिकारक ठरते. ‘तंत्रज्ञानाचे एकात्मीकरण’ या भाववाचक पदसमूहात कर्ता नाही, काळ नाही आणि अधिकरणही नाही. त्याची उकल करून ‘अमुक शिक्षक अमुक पाठात अमुक कारणासाठी हे साधन वापरतो’ असे वाक्य करावयास गेले की रिकाम्या जागा लगेच दिसतात. मेन राज्याने २००२ साली सातवीच्या विद्यार्थ्यांना एकेक संगणक देण्यास आरंभ केला, तेव्हा ‘प्रत्येकाला साधन’ हे वाक्य पूर्ण झाले. ‘त्या साधनाने काय शिकावयाचे’ हे वाक्य वर्गावर्गात नव्याने रचावे लागणार होते. ते रचण्यात ग्रंथपालाचे साहाय्य खरोखरच अमोल आहे. शोधलेली माहिती पारखण्याची रीत हा त्याच्या शास्त्राचा जुना विषय आहे आणि साधन बदलले तरी तो बदलत नाही. परंतु ग्रंथपालाचे हे ज्ञान बाजूस राहून तो यंत्राचा दुरुस्तीकार म्हणून ओळखला जाऊ लागला, तर १९६९ च्या नामांतराचीच पुनरावृत्ती होईल.

७

मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. ‘सहकार’ या शब्दाला १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यापासून आपल्याकडे संस्थात्मक व आर्थिक अर्थ चिकटला आहे. येथे तो टाळणे बरे. ‘समन्वय’, ‘सहकार्य’ आणि ‘सहयोग’ हे तीन शब्द आपण पर्यायी म्हणून वापरतो. त्यांच्यात मॉन्टिएल-ओव्हरॉल यांच्या पहिल्या तीन पायऱ्यांप्रमाणे भेद केल्यास परिभाषेला नेमकेपणा येईल. आणि शक्य तेथे नामाऐवजी ‘मिळून’ हे साधे मराठी अव्यय वापरावे. ‘शिक्षक व ग्रंथपाल मिळून पाठ आखतात’ या वाक्यात दोन्ही कर्त्यांना प्रथमा विभक्ती द्यावीच लागते. त्यातून कोणाला निसटता येत नाही.

शालेय ग्रंथपालांच्या या वाङ्मयाने ग्रंथालयाला वर्गाशी जोडण्याचा ध्यास दीर्घकाळ जागता ठेवला, हे त्याचे ऋण मान्य करावयास हवे. त्याचा दोष ध्येयात नाही, वाक्यरचनेत आहे. दोघांच्या क्रियेसाठी त्याने एकाचीच नेमणूक केली. पुढील मानके लिहिताना शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या संघटनांसह एकच ग्रंथ सिद्ध व्हावा आणि त्यात प्रत्येकाच्या वाट्याची वाक्ये असावीत. १९६९ साली दोन संस्थांनी मिळून मानके लिहिली होती. तेव्हा ती यंत्रांच्या निमित्ताने एकत्र आली. तसे एकत्र येणे पाठाच्या निमित्ताने घडावे, एवढीच अपेक्षा आहे.