दहा फुटांवरच्या बायका

अकरा वर्षांपूर्वी गिरगावात भरलेल्या एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेत मी एका छायाचित्राविषयी दीड पान लिहिले होते. छायाचित्र १९५६ सालचे, लालबागच्या एका चाळीच्या चौकातले. पुढे लाकडी बाकड्यावर तीन बायका बसलेल्या, दोन त्यांच्या दोन बाजूंना उभ्या. मागे पायरीवर चार पुरुष कापडी फलक धरून उभे. फलकावर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. त्यातले अक्षर न् अक्षर कापडाच्या सुरकुत्यांसकट स्वच्छ उमटले आहे. बायकांचे चेहरे मात्र धूसर आहेत. कुंकू कळते, नजर कळत नाही. मी लिहिले होते की, या छायाचित्रकाराला चळवळ दिसली, बायका दिसल्या नाहीत. त्या पुढे बसलेल्या असूनही त्याच्या भिंगाने त्यांना मागे ढकलले. हे वाक्य पुढे दोन-तीन लेखांत उद्धृत झाले. मलाही ते आवडत असे.

छायाचित्रकार गिरणीत सांचेखात्यात होते आणि रविवारी चाळकऱ्यांचे फोटो काढत. गेल्या वर्षी त्यांची नात मला दादरला भेटायला आली. चाळ पुनर्विकासात जाणार म्हणून माळा रिकामा करताना आजोबांचा कॅमेरा आणि निगेटिव्हांच्या दोन पेट्या निघाल्या होत्या. ती म्हणाली, “काका, बाकड्यावर मधे बसलीय ती माझी आजी. तुम्ही लिहिलंत ते आईने वाचलं होतं. ‘बाबांना आई दिसली नाही, असं कसं लिहितात?’ एवढंच म्हणाली. आई आता नाही. पण तुम्ही एकदा कॅमेरा बघा.”

मी कॅमेरा पाहिला. त्यातून जे निघाले ते या लेखात मांडतो आहे.

कॅमेरा इंग्लिश बनावटीचा, क्वार्टर प्लेटचा, म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच काचेचा. झाकण उघडले की तेच आडवे होऊन पाट बनते. पाटावर दोन रूळ, रुळांवर भिंग, मागे चामडी भाता. रुळाच्या कडेला बोटभर लांबीची पांढरी पट्टी आणि तिच्यावर आकडे : ६, ८, १०, १५, २५, ५० आणि शेवटी अनंत. हे फूट आहेत. माणूस दहा फुटांवर असेल तर भिंगाचा काटा दहावर आणायचा आणि कळ दाबायची. हीच फोकसची मोजपट्टी.

स्टुडिओतल्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांना अशी पट्टी लागत नसे. केरळात आलप्पुळ येथे बनणारा ‘वागीश्वरी’ घ्या किंवा विलायती घ्या. छायाचित्रकार काळ्या फडक्याखाली डोके घालून घासलेल्या काचेवरची उलटी प्रतिमा पाहत भिंग पुढेमागे करी. गिऱ्हाईक खुर्चीत स्थिर बसलेले, निर्णय डोळ्याचा. चौकात, मिरवणुकीत, सभेत हे जमत नाही. एकदा प्लेट घातली की घासलेली काच निघालेली असते आणि मग आकड्यावर विश्वास ठेवण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. होमाई व्यारावाला यांच्या हातात असलेल्या ‘स्पीड ग्राफिक’सारख्या वृत्तछायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांनाही पाटावर अशी पट्टी असे. घाईच्या वेळी अंतर आधी ठरवायचे, माणूस त्या अंतरावर आला की चमकदिवा उडवायचा.

पट्टी बनते कशी, हे समजल्यावाचून पुढचे समजणार नाही. भिंग प्लेटपासून आपल्या नाभीय अंतरावर असले की दूरचे दृश्य स्पष्ट उमटते. जवळच्या वस्तूसाठी भिंग पुढे सरकवावे लागते. किती, याचे सूत्र सोपे आहे : नाभीय अंतराचा वर्ग करायचा आणि त्याला वस्तूच्या अंतरातून नाभीय अंतर वजा करून येणाऱ्या संख्येने भागायचे. हे उलटेही चालवता येते. पट्टीवर अनंत आणि दहा यांच्या खुणांत किती जागा आहे ते मोजले, तर ती पट्टी कोणत्या भिंगासाठी कोरली होती ते कळते, भिंग जवळ नसले तरी.

मी व्हर्निअर आणि भिंग घेऊन मोजले. अनंत ते दहा : ६.१ मिलिमीटर. अनंत ते सहा : १०.५. दोन्हींवरून नाभीय अंतर निघते १३३ मिलिमीटरच्या किंचित वर, म्हणजे सव्वापाच इंच. क्वार्टर प्लेटच्या इंग्लिश कॅमेऱ्यांचे हे नेहमीचे माप. पण कॅमेऱ्यावर बसवलेल्या भिंगाच्या कडीवर कोरले होते ‘टेसर’ आणि ‘१३.५ सेंमी’. भिंग जर्मन, पट्टी इंग्लिश. मूळचे भिंग कधीतरी काढून दुसरे बसवले होते.

फरक पावणेदोन मिलिमीटरचाही नाही. यातून काय होणार, असे वाटेल. म्हणून करून पाहिले. कॅमेऱ्याची घासलेली काच हरवली होती. नवी काच कार्बोरंडमच्या पुडीने घासून तयार केली आणि प्लेट जिथे बसते नेमक्या त्या पातळीवर बसवली. इथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही सगळी मापे बिघडवते. मग इमारतीच्या गच्चीवर गेलो. परळच्या बाजूला अजून उभ्या असलेल्या एका गिरणीच्या चिमणीवर भिंग रोखले. इतक्या अंतरासाठी चिमणी म्हणजे अनंतच. ती स्पष्ट दिसली तेव्हा काटा अनंताच्या खुणेवर नव्हता, सुमारे १.६ मिलिमीटर पुढे, पंचवीस आणि पन्नास यांच्या मधे होता. मग लाकडी पट्टीवर वर्तमानपत्र चिकटवून ते सहा, आठ, दहा, पंधरा फुटांवर उभे करत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी अक्षरे स्पष्ट झाली की रुळाला चिकटवलेल्या कागदावर टोकदार पेन्सिलीने रेघ मारली. संध्याकाळपर्यंत नवी पट्टी तयार झाली. सूत्राने काढलेल्या आकड्यांशी ती पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीइतक्या फरकाने जुळली.

आता जुन्या पट्टीप्रमाणे काटा दहावर ठेवला. स्पष्ट दिसू लागले ते जवळजवळ चौदा फुटांवरचे.

छायाचित्राकडे परत येऊ. ते बाकडे अजून त्या कुटुंबाकडे आहे. लांबी चार फूट. निगेटिव्हवर ते ५६ मिलिमीटर भरते. यावरून बाकडे भिंगापासून दहा फुटांवर होते असे निघते. फलक धरणारे पुरुष त्यामागे चार फुटांवर, पायरीवर होते. चाळीचा चौक सावलीचा, त्यामुळे भिंगाचे तोंड बरेच उघडे असणार आणि फोकसची खोली कमी. गृहस्थांनी अंतर मोजून काटा दहावर, म्हणजे बायकांवर, ठेवला होता. फोकस फलकावर गेला तो पट्टीमुळे. मी ज्याला दृष्टी म्हटले होते तो भिंग बदलल्याचा परिणाम होता.

इथे थांबलो असतो तर ‘बिचाऱ्याला कळले नाही’ असे नवे वाक्य लिहून मोकळा झालो असतो, आणि तेही चुकले असते. जुन्या पट्टीवर आठच्या खुणेला लागून, सहाच्या बाजूला, सुईने ओढलेला एक ओरखडा आहे. पहिल्यांदा मला वाटले, आठ फूट ही त्यांची आवडती जागा असावी. चाळीच्या अरुंद जागेत माणूस यापेक्षा मागे जाणार तरी कुठे? तसे टाचणही केले. नंतर मोजले. ओरखडा अनंतापासून ७.९ मिलिमीटरवर आहे. माझ्या नव्या पट्टीवर त्याच जागी दहा फुटांची रेघ येते. चूक त्यांना कळली होती. त्यांनी ती शोधली आणि सुईच्या टोकाने दुरुस्त केली. सूत्राने की निव्वळ प्रयोगाने, निकाल एकच आहे.

पेट्यांतली पाकिटे तारीखवार आहेत. १९५५ अखेरपर्यंतच्या निगेटिव्हांत फोकस माणसांवर आहे. १९५६च्या नऊ निगेटिव्हांत तो सरसकट माणसांच्या मागे गेला आहे : बारशात भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लग्नात मांडवाच्या खांबावर. १९५७च्या गणपतीपासून तो पुन्हा माणसांवर येतो. प्रदर्शनात या नऊंपैकी एकच चित्र होते. मी एका चित्रावरून माणसाची नजर ठरवली. नऊ पाहिली असती तर निदान शंका आली असती, कारण कॅलेंडर आणि खांब यांच्यामागे कोणतीही विचारसरणी उभी करता येत नाही.

धूसरपणा हेतुपुरस्सर असूच शकत नाही, असे माझे म्हणणे नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६४ साली जॉन हर्शेल यांना लिहिताना, योग्य फोकस कोणता हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्नच केला होता. पण त्यांच्यासमोर घासलेली काच होती. धूसरता त्यांनी पाहिली आणि ठेवली. लालबागच्या गृहस्थांसमोर फक्त आकडा होता. पाहून ठेवलेली धूसरता आणि न पाहता आलेली धूसरता या दोन गोष्टी चित्रात सारख्या दिसतात. त्या वेगळ्या करणे हे समीक्षेचे काम आहे आणि ते नुसते चित्राकडे पाहत बसून होत नाही.

आपल्याकडे छायाचित्रांवरचे बहुतेक लेखन साहित्यसमीक्षेच्या अंगाने आले, माझेही तसेच. बार्थचे १९८०चे पुस्तक वाचून आम्ही चित्रातल्या अपघाती तपशिलाने घायाळ व्हायला शिकलो. अपघात तपासायला शिकलो नाही. कवितेत शब्द निवडलेला असतो असे गृहीत धरता येते. छायाचित्रात निम्मे निर्णय माणसाचे आणि निम्मे धातूचे, काचेचे आणि रसायनाचे असतात. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, नारायण दाजींसारखे मराठी छायाचित्रकार त्याच काळातले. इतक्या जुन्या परंपरेविषयी लिहिताना आपण नाव, साल, स्थळ नोंदवतो. अंतर नोंदवत नाही. मुंबईचे नारायण विरकर यांनी जालियनवाला बागेतल्या भिंतीची छायाचित्रे घेतली. त्यांत गोळ्यांच्या खुणा दाखवणारी माणसे भिंतीला लागूनच आहेत; माणूस आणि पुरावा कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर. लालबागच्या चौकात माणसे आणि घोषणा यांत चार फुटांचे अंतर होते, आणि सगळा घोटाळा त्या चार फुटांत झाला.

माझ्या जुन्या टिपणातले काय उरते? बायका बसलेल्या आणि फलक पुरुषांच्या हातात, ही मांडणी उरते. ती कोणी केली, बायकांना फलक का दिला नाही, हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारायला फोकसची गरज नाही. पण ‘त्याला बायका दिसल्या नाहीत’ हे वाक्य मी मागे घेतो. त्याला आधार नव्हता.

दुसऱ्या पेटीत एका पाकिटावर शाईने लिहिले आहे : ८ मे १९६०. महाराष्ट्र राज्य होऊन एक आठवडा झाला होता. तोच चौक, तेच बाकडे, जवळजवळ तेच दहा फूट. पाचांपैकी चार बायका आहेत, मागे फलक नाही. मधल्या बाईच्या नाकातल्या नथीचे मोती मोजता येतात. दुसरे चित्र पहिल्याची भरपाई म्हणून काढले, असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरतो, चित्रातून तेवढे सिद्ध होत नाही.

नातीला मी दोन्ही निगेटिव्हांच्या प्रती आणि नवी पट्टी दिली. जुनी पट्टी काढू का, असे तिने विचारले. मी नको म्हणालो. नवी पट्टी रुळाच्या दुसऱ्या बाजूला बसवली आहे, ओरखडा दिसेल अशी.