पुण्यातील वारसाफेरी : कारंजे आणि हौद

मार्गदर्शकासमवेतची वारसाफेरी ही नगरेतिहासाची एक संहिताच होय. कोठे थांबावयाचे, या निवडीतच तिचा अन्वयार्थ दडलेला असतो. पुण्यात शनिवारवाड्यातील हजारी कारंजे दाखविताना कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने आणलेल्या पाण्याचा गौरव होणे स्वाभाविक आहे. परंतु तेथेच थांबणारे निवेदन, शहरातील सार्वजनिक हौद कोणाला निषिद्ध होते, हा प्रश्न टाळते. १८६८ मध्ये महात्मा फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. कात्रज, शनिवारवाडा व फुलेवाडा ही स्थळे एका सायकलफेरीत जोडता येतात. तसे झाल्यासच वारसाफेरी केवळ वास्तुवैभवाचे दर्शन न राहता समाजेतिहासाचे आकलन ठरेल, असे म्हणावे लागते.