घुमं पोर आणि आईचं नाव

किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. प्रस्थापितांनी लगेच शिक्का मारला, जिद्दीची कहाणी! तमाशातल्या बाईचं पोर डॉक्टर झालं. टाळ्या वाजवा, विषय संपवा. मला हे वाचन खोटं वाटतं. ह्या पुस्तकाच्या पोटात आहे ते आई सोडून गेलेलं, आतल्या आत मिटलेलं एक घुमं पोर.

आई मेली तर पोराला रडता येतं. शेजारपाजार भाकरी घेऊन येतो. पण जिवंत आई दुसऱ्याच्या घरी निघून गेली तर रडायचं कुणापुढं? नेर्ल्याला आजोबाकडं राहिलेल्या पोराला हे सांगणारं कुणी नाही. वर आणखी एक ओझं. घरातली चूल पेटते ती बायांच्या घुंगरांवर. त्याच भाकरीवर पोरानं शाळा शिकायची. खाल्ली तर मन खातं, नाही खाल्ली तर उपास.

मग गुन्हेगार कोण? शांताबाईला शिकून मास्तरीण व्हायचं होतं. तिला नाचायला उभं केलं तिच्या बापानं. वयात आलेल्या पोरीचा ‘चिरा उतरवायचा’, म्हणजे पैसेवाल्या पुरुषाला तिचा पहिला संग विकायचा. घरातल्या बाप्यांनी बसून खायचं. पोरं जन्माला घालणारे मात्र नामानिराळे. शाळेत बापाचं नाव विचारलं की मान खाली जायची ती पोराची!

खरं सांगतो, पहिल्या वाचनात मीही आईवरच चिडलो. कसली ही आई, म्हटलं. दुसऱ्या वाचनात माझी मलाच लाज वाटली. पोराच्या रागाला मी निवाडा समजून बसलो होतो. पुस्तक त्या रागापाशी थांबत नाही. पोर पुढं आईच्या दारी जातं, तेव्हा दिसतं की तिथं आईचंच काही चालत नाही.

माझी एक तक्रार आहे. शांताबाईची बाजू आपल्याला लेकाच्याच तोंडून कळते. तीच बोलली असती तर आपल्या टाळ्या थांबल्या असत्या.

पण दुखण्यावरचं औषध मुखपृष्ठावरच छापलंय. बापाच्या जागी आईचं नाव. ‘गुन्हा तिचा नव्हता, माझाही नव्हता’ असं चारचौघांत सांगणारं ते नाव आहे. काळे २००७ साली अपघातात गेले. नाव राहिलं.

आमच्या लिखाणात आरोळी पुष्कळ आहे, ती हवीच. पण वस्तीतल्या कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेलं पोर आरोळीनं उठत नाही. त्याला जिद्दीचं भाषण देऊ नका. शेजारी बसा. म्हणा, बाळा, ह्यात तुझा काय बी गुन्हा नाय.