विकिपीडियांतील छत्रपति संभाजी महाराजांचें चरित्र : आधारांची छाननी

श्रीगोंदें तालुक्यांत भीमेच्या कांठीं पेडगांव आहे. तेथील बहादूरगडाजवळ, ज्यास हल्लीं धर्मवीरगड असेंही म्हणतात, इ. स. १६८९ च्या फेब्रुवारींत औरंगजेबाची छावणी होती. आणि संगमेश्वरीं कैद झालेले छत्रपति संभाजी महाराज व कवि कलश यांस बादशहापुढें उभें करण्यांत आलें तें येथेंच. आज या गडाच्या तटाशीं उभा राहणारा जिज्ञासु बखर उघडीत नाहीं; तो हातांतील मोबाइलवर विकिपीडिया उघडतो. तेव्हां तेथील चरित्रलेखाची परीक्षा करणें हें संशोधकांच्या कामाबाहेरचें नव्हे.

फेब्रुवारी २०२५ मध्यें ‘छावा’ हा चित्रपट प्रसिद्ध झाल्यावर विकिपीडियांतील महाराजांविषयींच्या कांहीं मजकुरावरून मोठा गहजब झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं तो मजकूर काढविण्याविषयीं आज्ञा दिली. महाराष्ट्र सायबर विभागानें नोटीस धाडली व कांहीं संपादकांवर गुन्हाही नोंदविला. लोकांचा संताप समजण्याजोगा होता. परंतु मजकूर ठेवावा कीं काढावा एवढ्यावरच सारा वाद झाला; तो कोणत्या साधनावर उभा आहे, हा खरा प्रश्न मागेंच राहिला.

लेखकानें स्वतःचें संशोधन घालूं नये, प्रसिद्ध ग्रंथांचा आधार द्यावा, आणि निरनिराळ्या मतांस त्यांच्या योग्यतेप्रमाणें जागा द्यावी, असा विकिपीडियाचा नियम आहे. हयात व्यक्तींच्या बाबतींत तो अधिकच कडक असून निराधार दूषण तेथें तत्काळ काढावें लागतें. (महाराज जाऊन तीन शतकें उलटलीं, तरी महाराष्ट्र त्यांस हयातच धरतो, ही गोष्ट नियमकर्त्यांच्या ध्यानीं येण्यासारखी नव्हती.) नियमांत खोट नाहीं, खोट अंमलांत आहे. तळटीपेंत एखाद्या इंग्रजी ग्रंथाचें पान दाखविलें कीं विधान सिद्ध झालें, अशी समजूत बळावते, आणि त्या ग्रंथकारानें तें कोठून घेतलें हें पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं.

महाराजांच्या दुर्वर्तनाच्या कथांचा माग काढीत गेल्यास आपण बहुधा मल्हार रामराव चिटणीस याच्या बखरीपाशीं पोंचतों. ही बखर साताऱ्यास, महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं लिहिली गेली. आणि तिचा कर्ता ज्या बाळाजी आवजीच्या वंशांतला, त्यास महाराजांनीं १६८१ त देहान्त शासन दिलें होतें. एवढ्यावरून बखर खोटी ठरत नाहीं. परंतु हें नातें व हें अंतर न सांगतां तींतील विधान उतरून घेणें म्हणजे फिर्यादीची कैफियत निवाडा म्हणून छापणें होय. वा. सी. बेंद्रे यांनीं अस्सल कागद धुंडाळून १९६० त महाराजांचें चरित्र प्रसिद्ध केलें. पुढें कमल गोखले यांनीं तें काम पुढें नेलें. या दोघांच्या आधींच्या इंग्रजी ग्रंथांत त्यांचा पत्ता नसणें स्वाभाविक आहे. विश्वकोशकारानें मात्र त्या ग्रंथांस आज तितकेंच वजन देऊं नये.

उलट बाजूचा हट्टही मान्य होण्यासारखा नाहीं. १६७८ च्या डिसेंबरांत महाराज दिलेरखानास मिळाले व पुढच्या वर्षीं भूपाळगड पडला तेव्हां ते मोगलांच्या फौजेंत होते, ही गोष्ट भक्तीपोटीं गाळणें हाही पक्षपातच. तीमागचीं कारणें वादग्रस्त आहेत, घटना नाहीं.

पेडगांवच्या प्रसंगाचेंच पाहा. ‘मआसिर-इ-आलमगिरी’ हा ग्रंथ साकी मुस्तैदखानानें औरंगजेबाच्या पश्चात् दरबारी कागदांवरून रचिला. कैद्यांची उंटावरून काढलेली धिंड आणि तख्तावरून उतरून बादशहानें ईश्वराचे मानलेले आभार त्यांत नमूद आहेत. हा वृत्तान्त प्रसंगास निकट असल्यामुळें घेण्याजोगा आहे; त्यांत महाराजांस लाविलेलीं विशेषणें मात्र विजेत्याच्या दरबारचीं आहेत व तीं त्याच्याच नांवावर दाखविलीं पाहिजेत. विशेषणें टोंचतात म्हणून सबंध उतारा काढला, तर धिंडीचा समकालीन पुरावाही त्याबरोबर जाईल.

‘मल्हार रामराव लिहितो’, ‘बादशाही इतिहासकार म्हणतो’ असे दोन शब्द व त्यापुढें एक सन, एवढें प्रत्येक वादग्रस्त वाक्यास जोडणें फार कठीण नाहीं. मराठी विकिपीडिया मे २००३ पासून चालू आहे. ही दुरुस्ती तेथें आधीं व्हावी, कारण बेंद्रे व गोखले मुळांतून वाचणारे लोक तेथेंच आहेत.