काराव्हाज्जोचा ‘विजयी मदन’ : एका यादीची साक्ष

इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याचें ‘विजयी मदन’ हें चित्र सांप्रत बर्लिनच्या गेमेल्डेगालेरी या संग्रहांत आहे. तें रोम येथें इ. स. १६०२ च्या सुमारास व्हिन्चेन्झो जुस्तिनियानी या धनिक संग्राहकासाठीं काढिलें गेलें, व १८१५ सालीं प्रशियाच्या राजानें खरेदी केलें. विषय व्हर्जिल कवीच्या दहाव्या गोपगीतांतील, प्रेम सर्वांस जिंकतें हा.

चित्रांत पंख असलेला नग्न मुलगा हंसत आहे. उजव्या हातांत बाण, डावा हात पाठीमागें. पायांशीं व्हायोलिन, ल्यूट, स्वरलिपीची वही, गुण्या, कंपास, लेखणी, लॉरेलची माळ व चिलखत पडलीं आहेत. मागें मुकुट, राजदंड व तारांकित खगोल दिसतो. संगीत, भूमिति, काव्य, युद्ध, राज्य व ज्योतिष यांचीं हीं चिन्हें, हें सहज कळतें. वाद आहे तो तीं जिंकलेलीं कीं गौरविलेलीं, याविषयीं.

रॉबर्ट एंगास यांनीं १९६७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हीं साधनें जुस्तिनियानी घराण्याच्या गुणांचीं द्योतक असून चित्र म्हणजे यजमानाची स्तुति होय. वहीवरील मोठें ‘व्ही’ हें अक्षर व्हिन्चेन्झोच्या नांवाचें आद्याक्षर होय, असेंहि म्हटलें जातें. कल्पना चतुर आहे; परंतु स्वरलिपीच्या वह्यांत गीताच्या शब्दांचें पहिलें अक्षर मोठें काढण्याचा प्रघात होता. एकट्या अक्षरावर एवढी इमारत उभी राहत नाहीं.

याउलट अस्सल कागद उपलब्ध आहे. व्हिन्चेन्झो १६३७ च्या डिसेंबरांत वारला. लगेच १६३८ सालीं त्याच्या वाड्यांतील चित्रांची यादी झाली. तींत या चित्राचें वर्णन आहे तें असें कीं, हंसणारा मदन जगाचा तिरस्कार करीत असून मुकुट, राजदंड, चिलखतें आदि करून जग त्याच्या खालीं आहे. यादी चित्रानंतर सुमारें छत्तीस वर्षांची, म्हणून ती चित्रकाराच्या मनाचा पुरावा नव्हे. तथापि यजमानाच्या घरांत चित्राचा अर्थ काय लावीत, हें तिजवरून ठरतें. तेथें स्तुतीचा शब्दहि नाहीं.

मग यजमानाचा संबंध मुळींच नाहीं काय? तसेंहि नव्हे. व्हिन्चेन्झोनें स्वतः संगीतावर प्रबंध लिहिला होता, आणि चित्रकलेविषयींच्या पत्रांत बारा पद्धति सांगून सर्वश्रेष्ठ अशा बाराव्या पद्धतींत काराव्हाज्जोची गणना केली होती. अशा रसिकाच्या भिंतीवर त्याच्याच आवडत्या विद्या मदनाच्या पायांशीं लोळतात. आमच्या मतें ही स्तुति नसून, आपल्या सर्व व्यासंगाहूनहि प्रेम बलवत्तर आहे अशी जाणत्या पुरुषानें आपल्याच खर्चानें केलेली थट्टा आहे. त्या वाड्यांत राहिलेला जर्मन चित्रकार सांद्रार्त सांगतो कीं, इतर चित्रें फिकीं पडूं नयेत म्हणून यावर हिरवा रेशमी पडदा सोडीत व हें शेवटीं दाखवीत. सर्व संग्रह पाहून झाल्यावर पाहुण्यास हा हंसणारा मुलगा भेटे, हेंहि या अर्थास पोषकच आहे.

चिन्हांचा अर्थ चिन्हांतूनच काढूं लागल्यास प्रत्येकास हवा तो अर्थ सांपडतो. म्हणून यादी, पत्र व प्रत्यक्षदर्शी यांची साक्ष अगोदर घ्यावी, आणि तर्कास मागून बोलावावें.